काम चालू असल्याचा आवाज

आतल्या खोलीतून खर्र-खट्, खर्र-खट् असा आवाज येत होता, म्हणून तिनं दोन कपांचा चहा टाकला. एरवी नवऱ्याचा कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, एकदा टकटक करायची आणि मागे फिरायचं, अशी तिची रीत. आज मात्र आत जाऊन घटकाभर बसावं, असं तिच्या मनात होतं. निमित्त त्या आवाजाचंच.

टीव्हीला जोडायचा, कीबोर्डाच्या पोटातच सगळं सामावलेला तो कॉम्प्युटर त्यांच्या लग्नाच्या वेळचा. त्याची फ्लॉपी ड्राइव्ह उभा जन्म खरखरत आली होती. “डोकं उठवलंय मेलीनं,” असं ती येताजाता म्हणायची, आणि त्याच खरखरीवरून स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ओळखायची, की स्वारी जागेवर आहे, सगळं ठीक आहे. गेल्या महिन्यात ड्राइव्हनं मान टाकली. नवऱ्यानं तिच्या जागी काड्यापेटीएवढी डबी बसवली. डबीत नखाएवढं कार्ड, आणि त्या कार्डात कपाटभर फ्लॉप्यांचा ऐवज. आता काही फिरायचं नाही, काही घासायचं नाही. खोली एकदम चिडीचूप झाली.

तेव्हापासून तिला चैन पडेना. थोडा वेळ गेला, की ती दार ढकलायचीच.

“अहो, बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“काहीच ऐकू येत नाही, म्हणून.”

“जन्मभर आवाजाच्या नावानं ओरडलीस. आता तो नाही, तर तेही चालेना.”

मग चार दिवसांपूर्वी त्यानं कुठूनसा हरभऱ्याएवढा बझर आणून त्या डबीला जोडला. कार्डावरचं काही वाचलं जाऊ लागलं, की बझर थेट जुन्या ड्राइव्हसारखा खरखरायचा. आवाज खोटाच, पण हुबेहूब. “तुला चैन पडत नाही ना, म्हणून,” तो म्हणाला.

तिनं लगोलग बहिणीला फोन लावला. “माझ्यासाठी आवाज बसवून घेतला गं यांनी.”

“लोकांचे नवरे दागिने देतात, तुझ्या वाट्याला खरखर,” बहीण म्हणाली. “असू दे. या वयात तेवढंही कोण करतंय?”

दोघी हसल्या होत्या. तेव्हापासून तिनं एकदाही दार ढकललं नव्हतं. काल तर दुपारभर आवाज चालला होता. त्याच्या तालावर तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या, मधूनच ‘किती काम करतात’ असं स्वतःशी म्हटलं.

एका हातावर ट्रे तोलत तिनं दार उघडलं. खुर्ची रिकामी होती. मागच्या जिन्याकडचं दार नुसतंच लोटलेलं होतं, आणि तिथल्या त्याच्या चपला जागेवर नव्हत्या. टेबलावर बझर तेवढा इमानेइतबारे खरखरत होता.

एखादं मोठं काम लावून तो पाय मोकळे करायला गेला असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. त्यावर दोनच ओळी होत्या. लग्नानंतरची काही वर्षं मासिकात छापून आलेले प्रोग्राम ती मोठ्यानं वाचायची आणि तो टाइप करायचा. कुठे एखादा स्वल्पविराम सुटला, की दोघं डोक्याला डोकं लावून शोधत बसायची. त्यामुळे या दोन ओळी तिला कुणी समजावून सांगायला नको होत्या. दहा नंबरची ओळ म्हणत होती, कार्डावरची फाईल वाच. वीस नंबरची म्हणत होती, पुन्हा दहावर जा.

ती खिडकीशी गेली. खाली गेटाजवळच्या बाकावर तो वॉचमनच्या शेजारी बसला होता. काहीतरी सांगत होता, दोन्ही हात हवेत नाचवून. वॉचमन हसता हसता मांडीवर थापा मारत होता. तिच्याशी बोलताना या माणसाचे हात कधी पेपरच्या घडीतून बाहेर आलेले तिला आठवेनात.

कोणतं बटण दाबलं की प्रोग्राम थांबतो, हे ती विसरली नव्हती. बोट तिथपर्यंत गेलंही. पण ते तिनं मागे घेतलं. ट्रे उचलला, दार होतं तसं ओढून घेतलं, आणि स्वयंपाकघरात येऊन दोन्ही कप पुन्हा पातेल्यात ओतले.

बऱ्याच वेळानं आतलं दार उघडलं. डोळे चोळत तो बाहेर आला आणि टेबलाशी बसला.

“मान मोडून आली,” तो म्हणाला. “आज जरा म्हणून उसंत नाही.”

“ऐकू येत होतं.”

तिनं चहा गरम करून त्याच्यापुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. त्यानं कप उचलला, फुंकर घातली, आणि कप तसाच ओठांशी थांबला. लोटलेल्या दारामागून आवाज येतच होता. खर्र-खट्. खर्र-खट्. कप खाली ठेवून तो घाईघाईनं अर्धवट उठला.

“बसा हो,” साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली. “तुम्ही आहात की आत.”