डावा पाय आधी

ढाक्यातली बस पुरुषांसाठी थांबत नाही, नुसती मंदावते. उतरताना डावा पाय आधी टाकून उडी मारायची. कवायतीचे मास्तर म्हणून जन्मभर मैदान गाजवलेल्या तोफज्जल मियांचा डावा पाय लकवा झाल्यापासून ऐकत नव्हता. त्याच्याच व्यायामासाठी ते दवाखान्यात निघाले होते. “चाचा, डावा पाय आधी,” दारातला हेल्पर म्हणाला. “थांबव की, बाबा.” “थांबलो तर मागची बस आमची माणसं पळवते.” काठी पायरीवर टेकेपर्यंत दवाखाना मागे पडला. पुढचा थांबाही गेला. वैतागून हेल्परनं पत्रा बडवत ड्रायव्हरला हाळी दिली, “उस्ताद, हळू, बाई उतरतेय, कडेवर पोर आहे.” बस जागेवर थांबली. मास्तर उतरले. खिडक्यांतून माणसं हसत होती. दुसऱ्या दिवशी दवाखाना दिसताच ते दाराशी आले आणि हेल्परच्या कानाशी पुटपुटले, “बाई उतरतेय म्हण, बाबा. कडेवरच्या पोराचंही सांग.”