आतली शिवण

दुपारी दोन वाजता हर्षालीने नणंद योगिनीच्या भाऊबीजेसाठी मोबाइलवर परदेशी कंपनीची पर्स निवडली. पैसे भरायचे तेवढे राहिले होते. गेल्या वर्षी ओवाळणीतलं अत्तर नकली निघालं, तेव्हा ही पुणेकरीण सगळ्यांदेखत म्हणाली होती, “वहिनी, नाशकात खरी फक्त द्राक्षं मिळतात!” पुन्हा तसं हसं नको होतं. येवल्यात वाढलेल्या सासूबाई म्हणाल्या, “पैठणी आम्ही पदर उलटून बघितल्याशिवाय घेत नाही. विकणाऱ्याला म्हणावं, आतली शिवण दाखव.” हर्षालीने तसा मेसेज टाकला. त्याने वाचला आणि तिला ब्लॉक केलं. “वाचले बाई!” म्हणत तिने हुश्श केलं. भाऊबीजेला ओवाळणीत पैठणी होती. योगिनीच्या खांद्यावर हुबेहूब तशीच पर्स! “ऑनलाइन घेतली, निम्म्या किमतीत.” सासूबाईंनी हात पुढे केला. “आण, आतून बघू.” योगिनीने पर्स बगलेत दाबली. ती पर्स अजून उघडलेली नाही.