दुसरं कारण

“लग्न? या वयात?” निरंजन इतक्या जोरात ओरडला की शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं. त्याचे बाबा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या त्याच्या आई, वसुधाताई, शांतपणे कोथिंबीर निवडत राहिल्या.

“माझ्या सासरचे काय म्हणतील, आई?”

“त्यांना मी कालच फोन केला. खूश झाले. आता दुसरं कारण सांग.”

मग त्याने, आई ज्यांच्याशी लग्न करणार होती त्या जोगळेकरांना नावं ठेवली. त्यांच्या टकलावर बोलला, मोठ्याने हसण्यावर बोलला. वसुधाताई उठून त्याच्याजवळ येऊन बसल्या. “निरू, खरं काय बोचतंय तुला?”

निरंजन खाली बघत म्हणाला, “तू त्या घरी गेलीस की बाबांची आठवण कोण काढणार? मी कुणाशी बोलू त्यांच्याबद्दल?”

वसुधाताईंना हसूही आलं आणि डोळेही भरले. “अरे वेड्या, मी सारखी तुझ्या बाबांबद्दलच बोलते आणि हे गृहस्थ कंटाळत नाहीत. म्हणून तर आवडले मला.”

रविवारी निरंजन जोगळेकरांकडे जेवायला गेला, जरा अवघडूनच. आमटी वाढताना त्यांनी विचारलं, “स्कूटर शिकवताना तुझ्या बाबांनी तुला थेट भाजीच्या गाडीवर घातलं होतं म्हणे?”

“भाजीच्या नाही हो, केळ्यांच्या!” निरंजन म्हणाला, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागला. ताटातला भात निवून गेला तरी तो थांबला नाही.