केसभर खाली

डोल आलाच नाही.

पेटीवाल्याने डोळे मिटून पुन्हा कान लावला. पाय भात्यावर होता, बोट पट्टीवर होतं, समोर मुलगी गात होती. आणि आवाज कसा, तर भरलेल्या हौदातल्या पाण्यासारखा. जरासुद्धा हलत नव्हता.

दोन सूर अगदी जवळजवळचे असले की एकत्र वाजताना आवाज डोलू लागतो. अंतर जितकं कमी, तितका डोल संथ. दोन्ही सूर तंतोतंत एक झाले की डोल थांबतो. पेटीवाल्याचं सगळं आयुष्य या डोलावर उभं होतं. इतरांच्या पेटीत जिथे एक पट्टी संपून दुसरी सुरू होते, तिथे याच्या पेटीत आणखी पट्ट्यांची दाटी असायची. त्यांच्यातल्या एकेका अंतराला तो नाव द्यायचा, खूण ठरवायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात मांडायचा. उंबरा, पापणी, सुई. लोक माणसांना नावं ठेवतात, आमचे हे फटींना ठेवतात, असं त्याची बायको पूर्वी हसून सांगायची. त्याचा नियम एकच होता. माणसाच्या गळ्याने पेटीसमोर ते अंतर धरून दाखवल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

सगळ्यात बारीक अंतर त्याच्या घरातच सापडलं होतं. जुळ्या मुली. चेहऱ्यावरून त्या त्याला कधीच ओळखू आल्या नाहीत. समोर येईल तिला तो आधी ‘बोल काहीतरी’ म्हणायचा. सूर दिला की थोरली तो नेमका पकडायची. धाकटी केसभर खाली. कितीही घोटून घेतलं तरी खालीच. थोरली तिची नक्कल करायला जायची, पण तिचा गळा हट्टाने नेमक्या जागीच जाऊन बसायचा, आणि दोघी हसून लोळायच्या. शेवटी त्याने हात टेकले आणि त्या केसभर अंतराला तक्त्यात जागा दिली. नावावरून मात्र दोघी इतक्या भांडल्या की ती चौकट रिकामीच राहिली.

मग तलावात होडी उलटली, आणि एकटी धाकटी परत आली.

थोरली म्हणजे बापाची सावली. पेटीच्या खोलीत, त्याच्या पायाशी खेळत वाढलेली. ती गेल्यावर त्याने कितीतरी दिवस भात्याला पाय लावला नव्हता. धाकटी आईची. जन्मतः नाजूक, आईने जिवाचं रान करून जगवलेली. परत आल्यापासून ती कुजबुजल्यासारखं बोलायची, आणि या खोलीकडे फिरकत नव्हती. कुणी तिला त्यावरून छेडलं नाही. आई तर तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. लेकीने भरवलं तरच आई जेवायची, तिचा हात धरूनच झोपायची. ही पोर आहे म्हणून तुमची बायको आहे, असं डॉक्टरांनी पेटीवाल्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

आज दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर त्याने मुलीला विनवून इथे बसवलं. तक्ता पुरा करायचा आहे, हे निमित्त. खरं म्हणजे निदान एका लेकीचा आवाज त्याला घरात पुन्हा हवा होता.

त्याने पट्टी बदलली. मुलीने तोही सूर नेमका पकडला. आणखी एक पट्टी. आवाज हलेना. धाकटी सुधारली, असं त्याने मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. मिटल्या डोळ्यांनी तो त्या आवाजाकडे नीट लक्ष देऊन ऐकू लागला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. याच आवाजासाठी तो एवढे दिवस रडत होता.

त्याने डोळे उघडले. “तू…”

मुलगी गायची थांबली. पेटीचा सूर चालूच होता.

“आई फाटकाशी उभी होती,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझी धाकटी आली, म्हणून तिने मला मिठी मारली, बाबा. काय सांगणार होते मी तिला?”

खोटं कशाला बोला, पेटीवाल्याला आधी आनंदच झाला. त्याची थोरली समोर बसली होती, जिवंत. मग दुसरी लेक आठवली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. धाकटीसाठी या घरात अजून कुणी रडलंसुद्धा नव्हतं. हे बायकोला सांगायचं कसं, आणि सांगितलं तर ती वाचेल का, ते त्याला सुचेना. पण निदान या खोलीत, दार लावून, त्याला त्याची मुलगी परत मिळणार होती.

एक बोट पट्टीवर तसंच ठेवून त्याने दुसरा हात तिच्या गालाला लावला. गाल गार होता.

“थोरले,” त्याने हाक मारली.

रस्त्यात कुणीतरी भलत्याच माणसाला हाक मारत असावं, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. तिची पापणीही लवली नाही.

तेवढ्यात आतून आईचा घाबराघुबरा आवाज आला. “धाकटे, कुठे आहेस गं?”

पेटी चालू असली की या घरात हाकेलाही त्याच सुरात ओ द्यायची सवय होती. मुलीने चटकन मान वळवली, आणि लांब ओ दिली.

खोलीतला आवाज संथपणे डोलू लागला.