गारीची खिचडी

करोनामुळे विमानं बंद झाली आणि चार दिवस लेकाकडे राहायला आलेल्या सासूबाई रॉटरडॅमलाच अडकल्या. त्यात एकादशीच्या सकाळी साबुदाण्याचा डबा रिकामा निघाला. घानाच्या शेजारणीला, अकोसुआला विचारलं, तर तिने गारीची पिशवी आमच्या दारात ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली.

"हा तर रवा दिसतोय. उपासाला कसा चालेल?" सासूबाईंनी पिशवी हुंगली.

"रवा नाही, आई. साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, त्याच कंदाची आहे ही."

"मग चालतंय की!"

तूप, जिरं, मिरची, भरपूर दाण्याचं कूट. फक्कड खिचडी झाली. पहिली वाटी अर्थात अकोसुआला. सासूबाई मास्क लावून स्वतः गेल्या, मी दुभाषी म्हणून मागे.

अकोसुआने वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"सॉरी, आंटी. आज आमच्या चर्चचा उपास आहे."

मी ते मराठीत सांगताच मास्कच्या वर सासूबाईंचे डोळे चमकले.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? डबा भरून आणली असती!"