शहाऐंशी चेहरे

“आणि हा मिशीवाला?” हेडबाईंनी फोटो टेबलावरून पुढे सरकवला.

पोस्टमनकाकांनी चष्मा पुसला. मग परत पुसला. मिशी झकास होती, पण तिच्यामागचा माणूस कोण, देव जाणे!

“हा ना? गिरणीवाल्यांचा थोरला भाऊ,” काकांनी ठोकून दिलं.

“अगं बाई, तोच की!” शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. “काय ऐट होती मेल्याची!”

दोन म्हाताऱ्यांचं एकमत झालं की नाव पक्कं, असा प्रदर्शनासाठी हेडबाईंनी घातलेला नियम होता. हेडबाईंनी चिठ्ठी चिकटवली. झाले शहाऐंशी.

जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर गावाचे फोटो सापडले, असं हेडबाईंनी जाहीर केलं तेव्हा अख्खं गाव हरखून गेलं होतं. सोमवारी प्रदर्शन उघडलं तर वाचनालयाची इमारत वाचणार होती, नाहीतर तिथे पार्किंग होणार होतं. आणि चाळीस वर्षं घरोघरी पत्रं टाकणाऱ्या माणसाशिवाय चेहरे ओळखणार कोण?

अडचण एवढीच होती, की काकांना एकही चेहरा ओळखता आला नव्हता. एकही!

पहिल्याच दिवशी ते सांगून टाकणार होते. पण गेल्या महिन्यात बाजारातून येताना ते वाट चुकले आणि सूनबाईने बजावलं, “बाबा, माणसं ओळखेनासे झालात ना, की बाहेर पडणं बंद. मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावेन, आत्ताच सांगते.” ती वाईट नव्हती, घाबरली होती. म्हणूनच ती बोलल्याप्रमाणे करणार, हे काका जाणून होते.

मग त्यांनी येतील ती नावं फेकायला सुरुवात केली. गल्ल्या, जिने, कुठल्या घरचं कुत्रं चावकं, सगळं लख्ख आठवत होतं. फोटोतले चेहरे तेवढे कोरेच्या कोरे. रोज संध्याकाळी वाटायचं, गेलो आपण कामातून. रोज सकाळी पुन्हा त्याच खुर्चीत.

शनिवारी एक शाळकरी मुलगी वही घेऊन धावत आली.

“आजोबा, गिरणीवाले माझे पणजोबा! त्यांना भाऊ होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. आई तर रडलीच. त्यांचा फोटो आता आम्ही घरात लावणार! अजून सांगा ना त्यांच्याबद्दल.”

तिची पेन्सिल कागदावर टेकून वाट बघत होती.

“लिहू नकोस, बाळ,” ते कसंबसं म्हणाले. “थापा मारल्या मी. सगळ्याच. मला कोणीच ओळखू येत नाही.”

त्यांना घरी न्यायला आलेली सूनबाई दारातच उभी होती.

मुलीने वही मिटली. हेडबाई उठल्या आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून सूनबाईला हळूच म्हणाल्या, “नावं बरोबर आहेत हो. आज गोंधळ उडालाय त्यांचा. विश्रांती द्या.”

“घराची किल्ली द्या, बाबा,” सूनबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

काकांनी दिली. मग ती नेईल तसे लहान मुलासारखे चालत गेले. मुलगीही गेली.

नर्सबाई मात्र हलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून मुसमुसायला लागल्या.

“हेडबाई, मलाही एकही चेहरा ओळखता आला नाही. वाटलं, यांना आठवतंय आणि मीच विसरले. मान डोलवत राहिले. आता मलाही कोंडतील हो!”

हेडबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं आणि दाराला कडी घातली.

“रडू नका. तुम्हा दोघांचं डोकं ठणठणीत आहे. पण बाहेर चकार शब्द काढायचा नाही,” त्या म्हणाल्या. “हे फोटो मी दुसऱ्या शहरातल्या रद्दीवाल्याकडून आणलेत.”