सात नंबरची नाव

सेंट व्हिन्सेंट बेटावरचे ओझेल आणि केनरॉय हे नवराबायको चार वर्षांपासून एकाच क्रूझवर कामाला आहेत. ओझेल दिवसभर प्रवाशांच्या, बहुतेक मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांच्या, खोल्या आवरते, केनरॉय रात्रपाळीला जहाजाच्या तळाशी त्यांच्या चादरी धुतो. ती दमून खोलीवर येते, तेव्हा तो कामावर निघालेला असतो. उघड्या डेकवर दोघांना एकत्र उभं राहायला मिळतं ते फक्त रविवारी, संकटकाळाच्या सरावाला. कारण दोघांची नेमणूक सात नंबरच्या जीवरक्षक नावेपाशी आहे.

या रविवारीही ते प्रवाशांच्या मागे, शेवटच्या रांगेत उभे होते.

"पाय किती सुजलेत गं तुझे," केनरॉय हळूच म्हणाला.

"महिना झाला त्याला. तुला आज दिसले."

"टेक माझ्या अंगावर. कोणी बघत नाहीये."

तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं, की एक वयस्कर प्रवासी बाई अजून आलेली नाही आणि ती येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. उन्हात ताटकळलेले प्रवासी कुरकुरू लागले.

"कुठे कडमडलीय ही बाई, कोण जाणे," केनरॉय म्हणाला.

"शोधतील की. तू नीट उभा राहा," असं म्हणून ओझेलने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.



सरावाआधी खोल्या रिकाम्या करायचं काम तिचंच होतं, आणि गाढ झोपलेल्या त्या म्हातारीला न उठवता तिने दार हळूच ओढून घेतलं होतं.